पितळेशेजारी क्रोम

नळ दिसेपर्यंत दादा खुशीत होता.

जिना चढून त्याला धाप लागली होती, तरी चपला काढता काढताच त्याची नजर खोलीभर फिरली आणि कपाटांच्या मुठींवर जाऊन थांबली. मुठी पितळेच्या होत्या, त्याच्याच कारखान्यात ओतलेल्या. त्याने एकीवर अंगठा फिरवला, मग दुसरीवर, आणि मागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "बघ. वेगळं घर केलं तरी बहीण कुणाची?"

वहिनीने मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात तिची मान त्या कामाला चांगली सरावली होती.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "दादा, पंख्याखाली बस जरा," ती म्हणाली.

"आधी हात धुतो."

आता संपलं, असं आत्याच्या मनात आलं. आणि त्याच्यामागोमाग दुसरं आलं, की संपलं तर संपलं.

दादा आत गेला, पण पाण्याचा आवाज काही आला नाही.

"ठिणगे!"

हे नाव वडिलांनी ठेवलेलं. लहानपणी ही पोरगी पॉलिशच्या चाकापासून हलायची नाही म्हणून. आता तिला सगळे आत्या म्हणत, शेजारीपाजारीसुद्धा. ठिणगी म्हणणारा दादा एकटाच उरला होता, आणि तोही चिडला तरच.

"हे काय आहे?"

"नळ."

"नळ आहे ते मलाही दिसतंय. कुणाचा?"

"माझा."

"मुलामा कुणाचा आहे, ते विचारतोय मी."

"ते कशाला विचारतोस? तुला तर लांबूनच ओळखू येतो."

ओळखू येणारच. वडील गेले आणि कारखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हापासून अलीकडे दादाची भट्टी आणि पितळेचं ओतकाम, पलीकडे धाकट्या भावाचे मुलाम्याचे हौद, निकेल आणि क्रोम. वाटणीत सगळं सरळ कापलं गेलं, फक्त आत्याचं पॉलिशचं चाक नेमकं रेघेवर आलं. ते हलवायला दोघेही कबूल होईनात, कारण दोघांनाही ते हवं होतं. घासल्याशिवाय पितळेला गिऱ्हाईक नाही, आणि खालचा धातू गुळगुळीत नसला तर क्रोम नीट धरत नाही. शेवटी गवंड्याने भिंतीत चाकापुरती जागा मोकळी सोडली. आत्या त्या भगदाडात बसून अलीकडचं घासायची आणि पलीकडचंही घासायची. भाऊ एकमेकांशी बोलायचे तेही तिच्या तोंडून. "त्याला सांग, धूर इकडे येतोय." "त्याला म्हणावं, खिडकी लाव."

भिंत मग कारखान्यात थांबली नाही. ती घरोघर गेली. दादाने आपल्या घरातल्या दिव्यांच्या बटणांचे स्क्रूसुद्धा बदलून पितळेचे केले. धाकट्याने वडिलांची पितळी घंटा हौदात बुडवून पांढरीफटक करून घेतली. त्यावर दादाने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता, असं तो स्वतः सांगायचा. जेवला होता तो. वाढणारी वहिनी होती आणि ताटं उचलणारी आत्या, त्यामुळे दोघींनाही ते माहीत होतं.

"बाबा, नळ माझ्या पसंतीने घेतलाय," सोफ्यावरून उठत दादाची मुलगी म्हणाली. ती लोकांची घरं सजवून द्यायची. खिशात कायम टेप असायचा म्हणून घरात तिला मोजपट्टी म्हणत. "हल्ली एकाच धातूचं सगळं कुणी लावत नाही. एक मुख्य ठेवायचा आणि दुसरा जोडीला. फक्त तो दोनतीन ठिकाणी दिसला पाहिजे, नाहीतर चुकून राहिल्यासारखा वाटतो."

"तुझ्या पसंतीने?" आत्या म्हणाली. "खोटं बोलू नकोस गं. तू मला सगळीकडे पितळच सुचवलं होतंस. बापाला भिऊन."

मोजपट्टीला मदत करायची होती, पण या बाईला मदत म्हणजे काय, ते भल्याभल्यांना कळलं नव्हतं.

"मग तूच सांग," दादा म्हणाला. "हे शहाणपण कुठून आलं?"

"हातातून. कोरडा हात जिथे लागतो तिथे पितळ. ते हाताने रंग धरतं, मला आवडतं. पाणी पडतं तिथे क्रोम. पुसलं की झालं. आणि वजन असेल तिथे लोखंड." तिने वर बोट दाखवलं. डब्यांच्या फळीखाली काळे लोखंडी अँगल होते आणि टेबलावर टांगलेल्या दिव्याला तांब्याची टोपी. "ती टोपी मात्र उगीच. मला हवी होती म्हणून."

"ताई, दार सताड उघडं टाकलंयस!" बाहेरून आवाज आला. धाकटा आला होता.

त्याला दादा येणार हे माहीत होतं. दादालाही माहीत होतं. आत्याने दोघांना स्वतः सांगितलं होतं, आणि दोघांनीही तेच उत्तर दिलं होतं, की येईन, पण त्याच्याशी बोलायला सांगू नकोस. त्याप्रमाणे धाकटा दादाच्या बाजूने असा गेला, जसं काही तिथे कपाट उभं आहे. वहिनीला त्याने नमस्कार केला, पुतणीच्या डोक्यावर टपली मारली आणि थेट ओट्यापाशी गेला.

"वा!" त्याने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. "तोंड दिसतंय बघ यात. ताई, तू खरी माणूस." मग त्याची नजर नळामागच्या भिंतीवर गेली. तिथे झारे अडकवायची पितळी दांडी होती. चेहरा उतरला. "ही इथे कशाला? माझा नळ मार खातोय तिच्यापुढे. पिवळा पडल्यासारखा दिसतोय."

"त्याला सांग," दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "की दांडी आधी लागलीय. नळ नंतर आला."

"त्याला म्हणावं," धाकटा नळाकडे बघत म्हणाला, "की दांडी काढायला पाच मिनिटं लागतात."

"मी काही सांगणार नाही," आत्या म्हणाली. "इथे भिंत नाही. आणि मी भगदाडात बसलेली नाही. ज्याला बोलायचंय त्याने तोंड उघडावं."

वहिनीच्या तोंडून हसू निसटलं. तिने ते खोकल्यात घालवलं.

ताटं मांडून झाली होती. भात झाकलेला होता, त्याची वाफ झाकणाच्या कडेने निघत होती. पण बसायला कुणी तयार नव्हतं. दादा म्हणे, नळ निघाल्याशिवाय मी या घरात पाणी पिणार नाही. धाकटा म्हणे, मग मुठी निघाल्याशिवाय मीही पिणार नाही. दोघेही हे आत्याला सांगत होते.

मोजपट्टीला राहवेना. "काका, बाबा, जरा ऐकून घ्या. नळ काय, दांडी काय, क्रोमच्या खाली शेवटी पितळच आहे ना? मग भांडण कसलं?"

घटकाभर वाटलं, की पोरीने बाजी मारली. दादाचा चेहरा सैल झाला.

"बरोबर," तो म्हणाला. "म्हणजे आधार माझाच आहे."

"आणि तोंड माझं," धाकटा म्हणाला. "लोक तोंड बघतात."

"आधार नसेल तर तोंड कशावर मिरवशील?"

"आणि तोंड नसेल तर तुझा आधार काळाठिक्कर पडून बसेल कोपऱ्यात!"

पुन्हा तेच. पण आत्याच्या लक्षात आलं, की या वेळी दोघे थेट एकमेकांशी बोलले होते. ते वहिनीच्याही लक्षात आलं. तिने आत्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

मोजपट्टीच्याही लक्षात आलं, आणि पोरीला हुरूप चढला. "मग असं करूया," ती म्हणाली. "पितळही नको आणि क्रोमही नको. सगळं काळं करूया. त्या अँगलसारखं. काळा मॅट रंग हल्ली फार चालतो. कुणाचंच नाही, म्हणजे कुणाचीच तक्रार नाही."

दोघे भाऊ विचारात पडले.

"काळं मला चालेल," दादा म्हणाला.

"मलाही चालेल," धाकटा म्हणाला. आणि मग, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच दादाच्या डोळ्यांत बघून, "काळा मुलामा करतो मी. नळाचं होईल. मुठींचं मात्र आधी पॉलिश उतरवावं लागेल."

"उतरवू. ॲसिडमध्ये टाकायच्या?"

"छे, खड्डे पडतील. पॉलिश पेपर मारू. तुझ्याकडे तो जाडा आहे ना?"

"आहे की. मुठी मी नेतो, खरवडतो, आणि..." दादा अडखळला. "आणि तुझ्याकडे देतो."

"भिंतीवरून दे," धाकटा म्हणाला, आणि हसला. दादाही हसला. वडिलांसारखंच, अर्ध्या तोंडाने.

वहिनीचे डोळे भरून आले. मोजपट्टी आत्याजवळ सरकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "आत्या, बोलतायत गं दोघं. बघ ना."

आत्या बघतच होती. तिने या एका गोष्टीसाठी काय नव्हतं केलं? चाकावर बसून बसून पाठ गेली, दोन्हीकडचा धूर नाकात गेला, दोन्हीकडचे निरोप नेता आणता जीभ झिजली. दोघांनी एकदा हसावं, एवढंच मागितलं होतं. आणि आता ते तिच्या ओट्यापाशी उभे राहून हसत होते. तिने फक्त होकार द्यायचा होता. नुसतं गप्प राहिली असती तरी भागलं असतं.

आणि गप्प राहायची तिला सवय होती. दादाच्या घरी मागची खोली मिळाली, तेव्हा तिने तिथे कपड्यांसाठी एक साधी खुंटी मागितली होती. पितळेची की लाकडाची, असं तिला कुणी विचारलं नाही. दारामागे एक खिळा ठोकून दिला होता. ती त्या खिळ्यावर कपडे टांगत राहिली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुठी चमकवत राहिली. या घरातली एकेक मूठ तिने स्वतःच्या चाकावर धरली होती, एकेक जागा स्वतः ठरवली होती. ते पॉलिश खरवडायचं कसं, हे दोघे ठरवत होते. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दादाने शर्टाच्या खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. तो कायम तिथेच असायचा. बोलता बोलताच त्याने कपाटाचा दरवाजा उघडला, आतून स्क्रू फिरवला आणि पहिली मूठ हातात घेतली.

"ठेव ती," आत्या म्हणाली.

"अगं, आजच घेऊन जातो. म्हणजे उद्या..."

"लाव परत."

दादाला वाटलं, हिला कळलं नाही. तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "ठिणगे, आम्ही दोघं मिळून करतोय. दोघं मिळून! तुला हेच हवं होतं ना?"

"मिळूनच करायचं असेल तर ती कारखान्यातली भिंत पाडा. माझ्या मुठी कशाला काढता?"



"भिंतीचा इथे काय संबंध?" धाकटा म्हणाला.

"तेच तर. भिंत तुमची, भांडण तुमचं, आणि समेट करायला जागा माझी? तुमच्यातलं कुणी हरू नये म्हणून माझं घर काळं करायचं?"

"आत्या, ते फक्त हँडल आहेत गं," मोजपट्टी काकुळतीला येऊन म्हणाली.

"तू गिऱ्हाइकाला असंच सांगतेस का? की फक्त हँडल आहेत?"

मोजपट्टी खिशातल्या टेपशी चाळा करू लागली.

"मला हे एकसारखं नकोय," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. चाकाच्या घरघरीत जन्म गेल्यामुळे तिला ओरडून बोलायची सवय होती, पण आता ती अगदी हळू बोलत होती, म्हणून सगळे ऐकत होते. "पितळेशेजारी क्रोम लावलाय तो मला दिसत नाही म्हणून नाही. दिसतो. तुमच्यापेक्षा जास्त दिसतो. ते पिवळं आणि हे पांढरं. सकाळी खिडकीतून ऊन आलं की दोन्ही वेगवेगळी चमकतात, आणि मला ते बघायला आवडतं. बस, एवढंच कारण आहे. यात तुम्ही कुठेच नाही."

"आम्ही कुठेच नाही?" दादा म्हणाला. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं असावं. त्याने मूठ ओट्यावर आपटली. "ठीक आहे. मग ऐक. उद्यापासून माझा माल तुझ्या चाकावर येणार नाही. दुसरा माणूस ठेवीन मी."

ते चाक म्हणजे आत्याचं जेवण होतं, हे घर होतं, सकाळी उठून जायची जागा होती. तिने धाकट्याकडे पाहिलं. वाटलं, हा तरी काही बोलेल.

"मलाही विचार करावा लागेल, ताई," धाकटा नजर चुकवत म्हणाला. "इतक्या वर्षांनी दादा स्वतःहून बोलला, आणि तू..."

"म्हणजे यावर एकमत झालं तुमचं!" आत्या म्हणाली. तिने ओट्याची कड धरली. "मग उशीर कशाला? दोघे मिळून ते भगदाड बुजवा. तेवढं तरी एकत्र कराल. विटा मी आणून देते, हव्या असतील तर. आणि दुसरा माणूस ठेवा, तिसरा ठेवा. मी चाक उचलून इथे आणीन आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे नळ घासीन. पण या घरातला एक स्क्रूसुद्धा मला विचारल्याशिवाय फिरणार नाही."

दादाने चपला घातल्या. डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात गेली, त्या पुन्हा काढून घालाव्या लागल्या, त्यामुळे त्याचा राग आणखी वाढला.

"चल गं," तो बायकोला म्हणाला.

वहिनी ताटासमोर बसली होती. कधी बसली ते कुणी पाहिलं नव्हतं.

"चल म्हटलं ना."

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाली. "मी जेवून येते."

असं काही ऐकायची दादाच्या कानांना सवय नव्हती. मग तो जिना उतरून गेला. एक मजला उतरल्यावर पावलं थांबल्यासारखी वाटली. वरून कुणी हाक मारली नाही. पावलं पुन्हा निघाली.

धाकटा मधेच उभा होता. बसावं तर दादाला सोडल्यासारखं, जावं तर दादाच्या मागून गेल्यासारखं. आत्याने ओट्यावरची मूठ उचलली, कपाट उघडून ती जागेवर धरली आणि स्क्रू बोटांनीच फिरवत नेला, घट्ट होईपर्यंत. मग भाताचं झाकण काढलं.

"आत्या, बाबांचं ताट वाढून ठेवू?" मोजपट्टीने विचारलं.

"नको. भूक लागली की येईल. घर बघून ठेवलंय त्याने."

वहिनी भात कालवत होती. मान खाली होती, पण ती एकदम बोलायला लागली.

"दर आठवड्याला घासते मी. दारांच्या मुठी, बिजागऱ्या, दिव्यांचे खांब, ते स्क्रूसुद्धा. कापडाने घासते, मग चिंधीने, आणि बारीक कोपऱ्यांत काडीला कापूस गुंडाळून घासते. कौतुक कुणाचं, तर पितळेचं. आलेला माणूस म्हणतो, काय झळाळी आहे हो तुमच्या पितळेला! आणि हे म्हणतात, आमच्या ओतकामाची जात आहे." तिने घास घेतला, चावला, गिळला. "पितळ ह्यांचं, आणि घासणं माझं. मला एकदाही कुणी विचारलं नाही, की बाई, तुला काय हवंय."



"भावजी," ती म्हणाली.

"अं?" धाकटा दचकला.

"मला एक नळ द्या. असाच. स्वयंपाकघरात लावणार आहे मी. पुसलं की झालं, असा."

"वहिनी, दादाच्या घरात? क्रोम?"

"माझ्याही घरात."

"दादा काय म्हणेल?"

"म्हणतील की. रोज काहीतरी म्हणतातच. द्याल की नाही, तेवढं सांगा."

धाकट्याने आत्याकडे पाहिलं, जसा तो भिंतीपलीकडून निरोपासाठी बघायचा. आत्याने भात वाढायचं थांबवलं नाही.

"देईन," तो शेवटी म्हणाला. "पण मुलामा द्यायच्या आधी तो घासावा लागेल नीट. आरशासारखा."

"मग घासेल कोण?" आत्याने विचारलं. "तू तर विचार करणार होतास."

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"तूच," तो ताटाकडे बघत म्हणाला.

"आणि बसवून कोण देणार?" वहिनीने विचारलं. "आमच्याकडे हात लावू देणार नाहीत हे कुणाला."

"मी देते," आत्या म्हणाली. "पाना घेऊन येते. दादा कारखान्यात गेला की सांगा, अर्ध्या तासात बसवून जाईन."

"नाही, वन्सं," वहिनी म्हणाली आणि आणखी थोड्या भातासाठी ताट पुढे केलं. "सुट्टीच्या दिवशी या. सुट्टीला हे दिवसभर घरी असतात."